तारीख कुठं कळती?

जून-जुलैत आमच्या पेठेतल्या ई-सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दहा बाय बाराचा गाळा, दोन संगणक, एक स्कॅनर, कोपऱ्यात लॅमिनेशनचं मशीन. बाहेर पाऊस, आत फरशीभर ओल्या छत्र्यांचं पाणी, आणि सगळ्यावर तापलेल्या प्लॅस्टिकचा तो वास. मी ओंकारबरोबर गेले होते. ओंकार माझा भाचा, गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या धांदलीत होता. भाऊ-वहिनी दोघंही नोकरीवर, म्हणून आत्याची वर्णी. त्याचे कागद सगळे होते. फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्याचा त्याने मोबाइलवर फोटो काढला होता त्यात शिक्का पुसट आला होता, तेवढा नीट स्कॅन करून हवा होता. आमच्या पुढे एक बाप-लेक होते. खताच्या कंपनीचं नाव असलेली पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात कागद. मुलगी एकेक कागद काढून देत होती आणि बाप तो हातात घेऊन, उलटसुलट करून, मगच पुढे सरकवत होता. वाचत नसावा. कागदाला पाणी लागलेलं नाही ना, एवढंच बघत असावा.

"काका, नॉन-क्रिमिलेअर एकतीस मार्चलाच संपलंय की हे," संगणकावरचा पोरगा म्हणाला. नॉन-क्रिमिलेअर म्हणजे राखीव प्रवर्गातल्या घराचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला.

"संपतं व्हय ते?"

"संपतं. नवीन काढायला लागंल. आज अर्ज टाकतो, पावती निघंल. आत्ता फॉर्मला पावती जोडू. पण मूळ दाखला तारखेच्या आत आला पाहिजे, नायतर ओपनमध्ये धरत्यात."

बाप जरा वेळ गप्प राहिला. चिडला नाही, अजिजी केली नाही, साहेबाला भेटायचं का असंही विचारलं नाही. भाव विचारावा तशा साध्या सुरात त्याने विचारलं, "ही तारीख कुठं कळती?"

"वेबसाइटवर टाकत्यात की."

"उसाची नोंद घ्यायला चिटबॉय बांधावर येतोय. ह्याला कोण येतं?"

गाळ्यात हशा पिकला. तोही हसला. मुलगी हसली नाही, ती पडद्यावरच्या फिरणाऱ्या चकतीकडे बघत होती. पावती निघाली, पैसे दिले गेले, पिशवीत पिशवी गेली आणि दोघं पावसात गेले. पुढे काय झालं मला माहीत नाही. पावतीवर तूर्त भागतं, त्यामुळे वेळेत दाखला मिळून सगळं मार्गी लागलंही असेल. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्या गाळ्यात आम्ही जेवढे उभे होतो त्यांतल्या प्रत्येकाला ती तारीख कुणीतरी सांगितलेली होती, आणि आपल्याला ती सांगितली गेली आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

त्या माणसाला तारखा कळत नाहीत असं म्हणायची सोय नाही. आमच्या भागात उसाचं सगळं तारखेवरच चालतं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू धरायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. लागण झाली की कारखान्याचा चिटबॉय येतो, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख वहीत नोंदवून जातो आणि त्या तारखेवर पुढचा तोडणीचा कार्यक्रम ठरतो. नोंद मागे पडली की तोड मागे पडते, उसाला तुरे येतात, वजन घटतं. पंधरा-पंधरा महिने पुढचं गणित तोंडी करणारा माणूस आहे हा. त्याला वेळेचं महत्त्व सांगायला आपण कोण? फक्त त्याच्या जगात नोंद घ्यायला माणूस शेतावर येतो, आणि मुलीच्या जगात नोंद करायला आपणच हुडकत जायचं असतं, तेही काय हुडकायचं आहे हे आधी ठाऊक असेल तर.

आमच्या घरात चिटबॉय होती. थोरली आत्या.

आत्या प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळी नोकरी झाली. तिच्या खोलीत पत्र्याची एक हिरवी ट्रंक होती, तिच्यात साड्यांच्या खाली कागद. खाकी पाकिटं, प्रत्येकावर एका भाचराचं नाव, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात. ती पेपर मागून पुढे वाचायची. आधी शेवटच्या पानांवरच्या निविदा, नोटिसा, शिक्षण मंडळाची प्रकटनं, मग बातम्या. प्रवेशाची जाहिरात दिसली की दाढीच्या ब्लेडने कापून पाकिटात. वडील चेष्टा करायचे, "आक्का, पोरगी नववीत आहे अजून." आत्या म्हणायची, "नववीत आहे म्हणूनच."

तेव्हा ट्रू कॉपीचा जमाना होता. गुणपत्रकाची झेरॉक्स काढायची आणि तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का आणायचा. तालुक्याच्या गावात राजपत्रित अधिकारी किती असणार, आणि त्यांतले जागेवर सापडणार किती? आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या गुणपत्रकांवर जनावरांच्या डॉक्टरांची सही आहे. ते भले गृहस्थ दवाखान्याच्या ओट्यावर एका हाताने म्हशीला चाचपत आणि दुसऱ्या हाताने सह्या करत. मूळ कागद बघायचेच, न बघता सही नाही. आत्या दर मे महिन्यात आम्हा भावंडांना ओळीने घेऊन जायची आणि प्रत्येक कागदाच्या पाच-पाच प्रती करून ठेवायची. कशाला लागणार आहेत हे तिला तरी कुठे माहीत होतं? लागतात, एवढं माहीत होतं.

मी बारावी झाले तेव्हा प्रवेश अर्ज हा खरोखरचा कागद होता. तो जाऊन विकत आणायचा, डिमांड ड्राफ्ट जोडायचा, जाऊन द्यायचा. वडील रात्रीच्या एसटीने पुण्याला गेले, स्वारगेटला पहाटे उतरले, तिथेच तोंड धुतलं, आणि खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभे राहिले. त्या वेळी लवकर जाण्याला सरळसरळ किंमत होती. अर्ज संपत, खिडकी बंद होई, ड्राफ्ट काढायला बँकेत दुपारी दोनच्या आत पोचावं लागे. लवकर निघालेल्या माणसाला काहीतरी जास्त मिळायचं. त्या रांगेतल्या गप्पांतूनच वडिलांना दुसऱ्या एका कॉलेजच्या फॉर्मची तारीख कळली, आणि पुढे माझा प्रवेश झाला तो त्या दुसऱ्या कॉलेजात. हे ते आयुष्यभर कौतुकाने सांगत. रांगेत कुणाशी बोललो नसतो तर, असं म्हणून थांबत.

आता रांग गेली. राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या प्रवेशप्रक्रियेत पहिल्या दिवशी सकाळी भरलेला अर्ज आणि शेवटच्या रात्री भरलेला अर्ज यांत यंत्राला काडीचा फरक दिसत नाही. गुणवत्ता यादी पर्सेंटाइलवर लागते; सारखे पडले तर विषयांचे गुण बघतात, अर्ज कधी आला हे कुणी बघत नाही. हे न्यायाचंच आहे. पण माणसांना पटत नाही. ओंकारचे मित्र नोंदणी सुरू व्हायच्या रात्री बारापर्यंत जागे होते, जणू पहिला नंबर लागला तर कम्प्युटर सायन्स हमखास. मी त्याला म्हटलं, झोप की आता. तो म्हणाला, "आत्या, सगळे भरतायत." ही घाई बिनकामाची आणि जी घाई कामाची असते ती कुणी करत नाही. अर्ज दहा मिनिटांत भरता येतो. पण त्याला जोडायचे कागद दहा मिनिटांत होत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता. यांतला एकाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा. नॉन-क्रिमिलेअरला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, त्याची मुदत आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला संपते, आणि बारावीचा निकाल लागतो मेमध्ये. म्हणजे ज्या घरात मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा चालू असते, त्याच घरातला दाखला त्याच महिन्यात गुपचूप मरतो. पोरगं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसलेलं असतं, तेव्हा दाखल्याची आठवण कुणाला?

आणि त्या एका कागदावर काय काय अवलंबून असतं! २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रातली ती मुलगी चकतीकडे अशी डोळे लावून का बघत होती ते मला घरी आल्यावर उमगलं. तिच्यापुरती ती चकती म्हणजे कॉलेज मिळणं न मिळणं नव्हे, कॉलेज परवडणं न परवडणं होतं.

जातवैधतेची गोष्ट याहून न्यारी. व्हॅलिडिटीसाठी आपली जात आपली आहे हे नुसतं आजच्या कागदाने सिद्ध होत नाही. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ चा. या तारखांमागे शासनाची कारणं आहेत, याद्या कधी लागू झाल्या त्याचा हिशेब आहे, ते मला मान्य आहे. तरीपण मी कधीकधी त्या तारखेकडे बघत बसते. ओंकारचा जन्म २००७ चा. त्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची एक मुदत त्याच्या बापाच्या जन्माआधीच संपून गेलेली. आम्ही सुतार. आजोबांना त्यांच्या वडिलांनी १९३८ साली गावच्या शाळेत घातलं, मास्तरांनी जनरल रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख शाईने लिहिली. आजोबा चौथी शिकले नि रंधा हातात घेतला. त्या चार वर्षांत ते काय शिकले कुणास ठाऊक, पण त्यांची ती एक ओळ आमच्या सबंध खानदानाला पुरली. आत्याने नोकरीत असताना त्या शाळेत जाऊन उतारा आणला, पहिली व्हॅलिडिटी माझ्या भावाची काढली, आणि रक्तनात्यात एकाची झाली की पुढच्यांचं सोपं होतं. ओंकारचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत गेला होता. लोक त्याच्या आईला म्हणाले, "किती वेळेवर करता हो तुम्ही सगळं!"

वेळेवर कसलं? १९३८ पासून चाललंय ते.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीत अमेरिकेत, एडिसनला, मामेबहिणीला फोन लावला. २०२४ ची दिवाळी, लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला. मला वाटलं होतं रांगोळीबिंगोळीचे फोटो येतील. ती कुजबुजत म्हणाली, "ताई, उद्या बोलूया? हिचं आज सबमिट व्हायचंय." तिकडे १ नोव्हेंबर म्हणजे अनेक कॉलेजांच्या अर्ली अर्जाची शेवटची तारीख. तिच्या मुलीने ऑगस्टपासून निबंध लिहायला घेतले होते. कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच जागेवरून अर्ज करायचं संकेतस्थळ, ते दर वर्षी १ ऑगस्टला उघडतं, तेव्हापासून. निबंध शाळेतल्या समुपदेशक बाईंनी वाचले, इंग्रजीच्या शिक्षकांनी वाचले, शेजारच्या घरातल्या, आधीच कॉलेजात गेलेल्या मुलीनेही वाचले. दुसऱ्या दिवशी बहीण मोकळी झाली तेव्हा तिने समजावून सांगितलं. अर्ली अ‍ॅक्शन असतं त्यात लवकर अर्ज, लवकर निकाल, बंधन नाही. अर्ली डिसिजनमध्ये मात्र एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, घेतलंत तर तुमच्याकडेच येईन. त्यावर मुलीची सही, पालकांची सही, समुपदेशकांची सही. निकाल डिसेंबरच्या मध्याला. हो आलं की बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. नेहमीच्या मार्गाने जाणाऱ्यांचे अर्ज जानेवारीच्या सुमाराला, निकाल मार्चअखेरपर्यंत आणि मग १ मेपर्यंत निवांत चार ठिकाणची तुलना.

मी विचारलं, "मग बंधन कशाला घ्यायचं?" ती म्हणाली, "कारण लवकरवाल्यांत घेण्याचं प्रमाण जास्त असतं. कॉलेजलाही खात्री हवी असते ना, ही नक्की येणार म्हणून." आणि मग जरा थांबून, "पण ताई, ज्याला फीमध्ये सवलत किती मिळते ते चार ठिकाणी बघून मग ठरवायचंय, त्याला हे परवडत नाही." ही तक्रार तिथे जुनी आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये जाहीर केलं होतं की लवकरच्या अर्जांनी सुखवस्तू घरांतल्या मुलांचाच फायदा होतो, म्हणून आम्ही हा मार्ग बंद करतो. २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. बाकीची बहुतेक कॉलेजं काही त्यांच्यामागे गेली नव्हती, आणि चांगली मुलं डिसेंबरातच दुसरीकडे जात होती. हे ऐकून मला हसू आलं. एवढी मोठी, एवढी श्रीमंत विद्यापीठं, आणि तीही म्हणतात, सगळे भरतायत.

हे बंधनाचं प्रकरण आपल्याकडेही वेगळ्या दाराने आलंय. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात तीनऐवजी चार फेऱ्या केल्या आणि नियम असा की पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यायचाच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला मिळाला तर घ्यायचाच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नाही म्हटलं की पुढच्या फेऱ्यांतून बाद. पसंतीक्रमाच्या यादीत तीनशेपर्यंत नावं टाकायची मुभा, पण खरी परीक्षा पहिल्या सहांची. ओंकार आणि मी जेवणाच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदांवर ती यादी लिहायला बसलो. त्याने आधी लिहिलं ते, जे आपल्याला मिळू शकेल असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, मिळेल न मिळेल ते यंत्र बघेल, तुला काय हवंय ते वरती लिही. यंत्र वरून खाली येतं, वरचं मिळालं नाही म्हणून खालचं काढून घेत नाही. हे मला तरी कुणी सांगितलं? ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने, ज्याच्या मुलीचं आदल्या वर्षी झालं होतं. त्याला त्याच्या मेहुण्याने. वडिलांची ती रांग काही गेलेली नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये गेली आहे, आणि स्वारगेटला पहाटे उतरणारा अनोळखी माणूस तिच्यात आता शिरू शकत नाही. जुन्या रांगेत शेजारी कोण उभा राहील याला काही नेम नव्हता. आताच्या ग्रुपमध्ये ज्याचा नंबर आहे तोच असतो.

मुदतवाढीबद्दल माझी मतं एका सरळ रेषेत नाहीत. आत्याच्या हाताखाली तयार झालेली मी, त्यामुळे मुदत वाढली की माझ्या कपाळाला आठी पडते. आपण धावपळ करून वेळेत करायचं आणि आदल्या संध्याकाळी बातमी यायची, अमुक तारखेपर्यंत मुदतवाढ. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा मेमध्ये नोंदणीच्या सुरुवातीलाच संकेतस्थळ कोलमडलं आणि २६ मेपासून नव्याने सुरुवात करावी लागली. तिथे वेळेत बसलेल्यांनी करायचं तरी काय? त्याच वर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली. लोक शिकतात यातून. शेवटची तारीख ही बोलायची पद्धत आहे असं धरून चालतात. ज्या बापाने मार्चपासून कागद जमवले त्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. पण आता मुदतवाढीची बातमी वाचली की मला ती पिशवीतली पिशवी आठवते, आणि आठी पडता पडता राहते. दाखला कचेरीत सहीसाठी पडून असेल तर दोन-चार दिवसांनी काय होतं, ते ज्याचा दाखला पडून आहे त्यालाच विचारावं. अर्थात मुदतवाढही त्यालाच उपयोगी पडते ज्याला ती झाल्याचं कळतं. ज्याने काल हात टेकून नाद सोडला, त्याला आज कोण सांगणार?

लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा याचे फलक कचेऱ्यांतून लागलेले असतात, आणि त्याचा उपयोग होतो, मी स्वतः बोट दाखवून काम करून घेतलं आहे. पण त्या फलकावर अर्ज केल्यानंतरचे दिवस असतात. अर्ज कधी करायचा ते त्यावर नसतं. ते सांगायचं काम आजही कुणाची तरी आत्या करते, नाहीतर एखादी तळमळीची वर्गशिक्षिका. अशा बाई मी बघितल्या आहेत. अकरावीच्या पहिल्या पालकसभेत त्या गुणांबद्दल बोलत नाहीत, फळ्यावर पाच कागदांची नावं लिहितात आणि म्हणतात, मोबाइलवर फोटो काढा. पालक गडबडतात, आम्ही तर पोराची प्रगती ऐकायला आलो होतो. प्रत्येक कॉलेजात अशी बाई असेलच असं नाही, आणि त्यांच्या नोकरीच्या कामांत हे काम कुठे लिहिलेलंही नाही.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. ट्रंक माझ्याकडे आहे. भाचरं आता मला फोन करतात. यंदा गौरीला गावी गेले तेव्हा मी ओटीवर बसून, आल्यागेल्याला विचारत सुटले, कुणाचं पोर कितवीत, व्हॅलिडिटी टाकली का, दाखला कधीचा. भाऊ म्हणाला, "ताई, सणाला तरी!" चुलत दिराने तोंडावर सांगितलं, "वैनी, अजून धा म्हयनं हायत की." बऱ्याच जणांनी हो हो केलं. सणाच्या दिवशी नको त्या कागदांचं नाव काढणारी बाई म्हणून मी पुढच्या वर्षीही त्यांच्या लक्षात राहीन.

एकटी शालन वहिनी थांबली. कुंभारवाड्यातली, आमच्या मागच्या आळीची. तिची मुलगी तालुक्याला अकरावी सायन्सला आहे. तिने पदराला हात पुसले, समोर बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचं सगळं ऐकलं. पन तुमच्या आजोबांस्नी शाळंत घातलं व्हतं. आमच्या मामांजींनी शाळंचं तोंड बघितलं न्हाई. त्यांच्या बानंबी न्हाई. चाकावर बसली पोरं सात वर्साची असल्यापास्नं. मग आमचा पुरावा कुठला?"

पुरावा असतो. शाळेत नाव नसलं तरी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात बापाचं नाव आणि जात लिहिलेली सापडते. जुनी असली तर मोडीत असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी दिवस आले, त्यांतले एक निवृत्त तलाठी आमच्या शेजारच्या गावात आहेत. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, मामांजींचा जन्म कुठल्या सालचा धरायचा? त्यांनाच ठाऊक नव्हता. मोठा दुष्काळ पडला त्याच्या मागल्या साली, असं ते म्हणत. कुठला दुष्काळ, यावर घरात दोन मतं. मग आम्ही त्यांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नापासून मागे मोजत आलो, धाकट्या दिराच्या वयापासून पुढे मोजत गेलो, आणि चार वर्षांचा पट्टा काढला. त्या चार वर्षांची पुस्तकं बघायला मागायची असं ठरलं. कोर्ट फी स्टॅम्प कुठे मिळतो, अर्ज कुणाच्या नावे करायचा, मामांजींच्या बापाचं नाव तिन्ही तऱ्हांनी कसं लिहिलेलं सापडू शकतं, हे मी कागदावर लिहून दिलं. आत्यासारखं टपोरं अक्षर मला येत नाही, म्हणून मुलीने ते परत आपल्या वहीत उतरवून घेतलं.

सण उलगडल्यावर मायलेकी तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आल्या. पुस्तकं जुनी आहेत, कडा तुटतात, शोधायला वेळ लागेल, असं रेकॉर्ड रूममध्ये सांगितलं म्हणे. किती वेळ लागेल ते सांगितलेलं नाही. शालन वहिनीने विचारलं होतं, पुन्हा कधी येऊ. ते म्हणाले, येऊन बघत जा.